डोंगरांतील सपाट जागा

डोंगरांत मुक्कामाला निघालेल्या माणसापुढें दिवस मावळण्यापूर्वीं एकच प्रश्न उभा राहतो : पाठ कोठें टेकावयाची? शिखरें कोणतीं पाहावीं, वाटा कोणत्या धराव्या, यांविषयीं पुस्तकें पुष्कळ आहेत. पण रात्रीच्या जागेची निवड ही बाब इतकी किरकोळ समजली जाते कीं, तिलाही एक इतिहास आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या मतें तो आहे, आणि त्यांत माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. अमेरिकेंतील डोंगराळ राष्ट्रीय उद्यानांच्या परिसरांत तो विशेष स्पष्टपणें वाचतां येतो. कारण तंबूंत राहण्याची हौस तेथील सामान्य कुटुंबांत शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे, आणि त्या हौसेचीं फळें, गोड तशींच कडू, तेथें नोंदून ठेवलेलीं आहेत.

ज्याला जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्या यलोस्टोनची कथाच मुळीं एका मुक्कामापासून सुरू होते. सप्टेंबर १८७० मध्यें वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखालीं त्या प्रदेशाची पाहणी करून परतणाऱ्या मंडळींचा तळ फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांच्या संगमावर पडला होता. शेकोटीभोंवतीं बसले असतां, ही भूमि खासगी मालकांच्या हातीं न जातां साऱ्या राष्ट्राची राहावी, असा विचार तेथें निघाला, अशी आख्यायिका पुढें दीर्घकाळ सांगितली गेली. समकालीन रोजनिशींत तिला पुरेसा आधार सांपडत नाहीं, असें नंतरच्या इतिहासकारांनीं दाखविलें आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी तळ खरा होता. दोन नद्या जेथें मिळतात तेथें मोकळें कुरण, घोड्यांना चारा, सरपण आणि पाणी हीं एके ठिकाणीं मिळावीं, आणि थकलेल्या माणसानें तेथेंच ओझें उतरावें, हें अगदीं स्वाभाविक होय. १८७२ मध्यें उद्यान स्थापन झालें. त्या संगमापासून पुढें वाहणाऱ्या नदीला मॅडिसन म्हणतात. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ती नदी आम्हांस पुन्हां भेटणार आहे.

जुन्या काळीं मुक्कामाची जागा ठरविणें हें जाणत्या माणसाचें काम असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत स्कंधावाराची जागा वास्तुविद्येच्या जाणकारांनीं पसंत करावी, आणि सेनानायक, सुतार व ज्योतिषी यांनीं मिळून तिची आंखणी करावी, असें सांगितलें आहे. मोगलांच्या लष्करांत या कामासाठीं मीर मंझिल हा स्वतंत्र अधिकारी असून, बादशहाचे डेरे एक मजल पुढें जात. सैन्याच्या तळाला शत्रूचें भय असे, म्हणून ही दक्षता. हौसेनें फिरणाऱ्या प्रवाशाला शत्रु नाहीं. तेव्हां त्याची निवड सुखासाठींच होणार. जमीन सपाट असावी, पाणी जवळ असावें, सावली असावी आणि समोर देखावा असावा, एवढें झालें कीं त्याचें समाधान झालें.

मोटारी आल्या आणि या साध्या निवडीचें रूप पालटलें. ऑगस्ट १९१५ पासून यलोस्टोनमध्यें मोटारींना मुभा मिळाली; योसेमिटीमध्यें ती १९१३ मध्येंच मिळाली होती. घोड्यावरून येणारा प्रवासी आपल्यापुरती जागा पाही. मोटारीनें येणारीं कुटुंबें मात्र शेंकड्यांनीं येऊं लागलीं, आणि ज्याला जेथें आवडेल तेथें चाक नेऊं लागलीं. झाडाच्या अगदीं बुंध्याशीं गाडी, मुळांवर चूल, आणि दरवर्षीं त्याच ठिकाणीं नवें कुटुंब, असा क्रम सुरू झाला. एमिलिओ माइनेके नांवाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञानें कॅलिफोर्नियांतील अशा तळांचा अभ्यास केला. चाकांनीं आणि पावलांनीं माती घट्ट दाबली जाते, झाडांच्या मुळांना हवा व पाणी मिळेनासें होतें, आणि ज्या सावलीसाठीं माणसें तेथें येतात ती सावलीच हळूहळू मरते, असा त्याच्या विवेचनाचा सारांश होता. १९३२ मध्यें त्यानें तळांच्या रचनेची एक योजना मांडली : एकाच दिशेनें फिरून येणारा रस्ता, प्रत्येक कुटुंबाला गाडी लावण्याचा ठराविक कप्पा, गाडी पुढें जाऊं नये म्हणून दगडांचा किंवा ओंडक्यांचा अडसर, आणि ठरलेल्या जागीं चूल व मेज. मंदीच्या काळांत, १९३३ नंतर, बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनीं असे तळ ठिकठिकाणीं बांधले. आजही तेथील बहुतेक तळांचा सांगाडा हाच आहे.

या योजनेनें झाडें वांचलीं, याबद्दल माइनेकेचे उपकार मानलेच पाहिजेत. तथापि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. निवड प्रवाशाच्या हातून सुटली आणि आंखणी करणाऱ्याच्या हातीं गेली. प्रवाशानें आतां जमिनीकडे पाहण्याऐवजीं आंकडा पाहावयाचा. तळाला नांव आहे, कप्प्याला क्रमांक आहे, आणि ज्या अर्थीं येथें मेज मांडलें आहे त्या अर्थीं येथें झोपण्यास हरकत नाहीं, असें त्यानें समजावयाचें. आंखणी करणाऱ्यासमोर प्रश्न होता तो झाडांचा, रस्त्यांचा आणि गर्दीचा. ही सपाट जागा डोंगरांत आली कोठून, हा प्रश्न विचारण्याचें काम मात्र या दोघांपैकीं कोणाकडेच राहिलें नाहीं.

वस्तुतः डोंगरांत हाच प्रश्न पहिला. मैदानांत सपाटी हा नियम आहे. डोंगरांत ती अपवाद आहे, आणि अपवादाला कांहीं कारण असतें. नदीकांठचें कुरण पुराच्या गाळानें बनलेलें असतें. ओढा दरींतून बाहेर पडतो तेथें पंख्यासारखी पसरलेली उतरती जमीन दिसते, ती त्यानें एखाद्या दांडग्या पुरांत आणून टाकलेल्या दगडमातीची असते. कड्याच्या पायथ्याची मोठमोठ्या शिळांनीं सजलेली रम्य जागा त्या कड्यानेंच घातलेली असते. म्हणजे जी जागा आपल्याला मुक्कामास बोलावते, ती बहुधा डोंगराच्या एखाद्या जुन्या उत्पातानें मागें ठेवलेली असते. तो उत्पात हजार वर्षांपूर्वींचा असेल किंवा शंभर. पण जेथें तो एकदां आला तेथें येण्याची वाट त्याला ठाऊक आहे.

१७ ऑगस्ट १९५९ च्या रात्रीं मॅडिसन नदीनें ही गोष्ट निष्ठुरपणें शिकविली. यलोस्टोनच्या पश्चिम सीमेबाहेर ही नदी हेब्गेन धरण ओलांडून एका अरुंद खोऱ्यांत शिरते. धरणाच्या खालीं कांहीं मैलांवर, नदीच्या कांठीं, रॉक क्रीक या नांवाचा तळ होता. सुटीचे दिवस, पौर्णिमेच्या सुमाराचें चांदणें, आणि उद्यान पाहण्यासाठीं लांबलांबून आलेलीं कुटुंबें तंबूंत निजलेलीं. रात्रीं साडेअकरा वाजून गेल्यावर भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. त्याचें मान सुमारें ७.३ होतें. खोऱ्याच्या दक्षिणेकडील डोंगराचा उतार ठिसूळ झालेल्या खडकांचा होता, आणि पायथ्याच्या डोलोमाइटच्या एका कठीण थरानें तो जणूं टेकू देऊन धरला होता. धक्क्यानें तो टेकू मोडला. कोट्यवधि टन दगडमाती एका मिनिटाच्या आंत खालीं आली, नदी ओलांडून समोरच्या उतारावर चढली, आणि तळाचा कांहीं भाग तिच्याखालीं कायमचा गडप झाला. ढिगाऱ्यापुढें दाबल्या गेलेल्या हवेच्या झोतानें माणसें आणि मोटारी दूर फेंकल्या गेल्या. त्या भूकंपांत एकंदर २८ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं बहुतेक त्या तळावरचीं होतीं, आणि अनेकांचे देह आजतागायत हातीं लागलेले नाहींत.

जीं वांचलीं त्यांची रात्रही सोपी गेली नाहीं. खालच्या अंगास नदी अडली म्हणून पाणी चढूं लागलें. वरच्या अंगास धरण फुटेल कीं काय ही धास्ती होती. सुमारें अडीचशें माणसें त्या खोऱ्यांत अडकलीं आणि उंचवट्यावर जमलीं. अनोळखी कुटुंबांनीं एकमेकांच्या जखमा बांधल्या. धरणाला तडे गेले, पण तें टिकलें. सकाळीं छत्रीधारी मदतनीस विमानांतून उतरले आणि हेलिकॉप्टरांनीं जखमींना हलविलें. अडलेल्या नदीचा महिन्याभराच्या आंत एक तलाव झाला, आणि लष्कराच्या इंजिनियरांनीं घाईनें पाट खोदून त्याच्या पाण्याला वाट करून दिली. तो तलाव अजून तेथें आहे; बुडून वाळलेल्या झाडांचे बुंधे त्याच्या पाण्यांतून वर आलेले दिसतात.

येथें दोष कोणाचा, असें कोणी विचारील. आम्हांस वाटतें, दोष लावण्यासारखें येथें कोणी नाहीं. भूकंपाची वेळ कोणालाच सांगतां येत नाहीं. पण वेळ सांगतां आली नाहीं तरी स्थळाविषयीं कांहीं बोलतां येतें. टेकूवर उभा असलेला डोंगर भूकंपापूर्वींही टेकूवरच उभा होता. तो वाचण्याची कला भूगर्भशास्त्रज्ञांजवळ होती. मात्र मुक्कामाची जागा ठरविण्याच्या कामाशीं त्या कलेची गांठ पडलेली नव्हती.

ही गांठ न पडल्याचें दुसरें उदाहरण कोलोरॅडोंतील रॉकी मौंटन राष्ट्रीय उद्यानांत मिळतें. तेथें लॉन लेक या उंचावरील सरोवराला शेतीच्या पाण्यासाठीं १९०३ मध्यें मातीचा बांध घातलेला होता. १५ जुलै १९८२ च्या पहांटे तो फुटला. रोअरिंग रिव्हर या ओढ्याच्या वाटेनें पाणी खालीं धांवलें. ओढ्याकांठीं निजलेला एक प्रवासी प्रथम वाहून गेला. खालीं सपाटीवर आल्यावर पाण्यानें पंख्याच्या आकाराचा दगडांचा ढीग पसरला, पुढें दुसरा एक लहान बांध फोडला, आणि ॲस्पेनग्लेन नांवाच्या तळावर आणखी दोघांचा बळी घेतला. पहांटे कचरा गोळा करण्यास आलेल्या एका माणसानें तो गडगडाट ऐकून तेथील दूरध्वनीवरून तांतडीनें खबर दिली, म्हणूनच अनर्थ तेवढ्यावर निभावला. आज तो दगडांचा पंखा प्रवासी मुद्दाम पाहावयास जातात. डोंगरांतील सपाटी कशी जन्मते हें एका सकाळींत दाखविणारा असा धडा क्वचितच कोठें मिळेल.

धडा घेतल्याचेंही उदाहरण आहे, आणि तें योसेमिटीचें आहे. जानेवारी १९९७ मध्यें मर्सेड नदीला मोठा पूर आला. हिंवाळ्याचे दिवस असल्यामुळें तंबूंतून वर्दळ नव्हती. पण नदीकांठचे दोन मोठे तळ, वरचा आणि खालचा, पाण्यानें धुऊन काढले. ते पुन्हां बांधावयाचे नाहींत असें उद्यानानें ठरविलें. ज्या कुटुंबांनीं त्याच झाडांखालीं आजोबांपासून नातवांपर्यंत उन्हाळे घालविले होते, त्यांना हा निर्णय रुचला नाहीं; जागा परत मिळावी अशी मागणी पुढें कित्येक वर्षें होत राहिली. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. ज्या जागेवर आपलें बाळपण गेलें ती जागा नदीची आहे, असें कोणी सांगितलें तर तें मनाला लागतेंच. तरीही, त्या कुटुंबांविषयीं पूर्ण सहानुभूति बाळगून, आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे आहों. नदीनें आपलें कुरण परत मागितलें तें हिंवाळ्यांत मागितलें, हें त्या कुटुंबांचें सुदैव. उन्हाळ्यांतील एखाद्या रात्रीं तिनें तें मागितलें असतें, तर तेथेंही एक शिळा उभारावी लागली असती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. डोंगरांत निर्धास्त जागा कोणती? अशा शंका काढीत बसल्यास माणसानें घराबाहेरच पडूं नये. लाखों माणसें या तळांवर राहिलीं आणि सुखरूप परतलीं, हेंही खरेंच आहे. आमचें म्हणणें भयाचें नाहीं, ओळखीचें आहे. ज्याच्या अंगणांत आपण रात्र काढणार त्याचा स्वभाव विचारून घेणें यांत भित्रेपणा नाहीं. उलट त्यांत त्याचा मान राखला जातो. आजचा प्रवासी महिनोन्‌महिने आधीं इंटरनेटवर क्रमांक पाहून जागा राखून ठेवतो. पाणी किती पावलांवर आहे, सावली आहे कीं नाहीं, हें त्याला घरबसल्या कळतें. त्याच बैठकींत त्यानें आणखी दोन प्रश्न विचारावे : ही सपाटी कोणी केली, नदीनें, ओढ्यानें कीं कड्यानें? आणि रात्रीं तो कर्ता परत आला, तर अंधारांत चढून जाण्यास उंच जागा कोणत्या बाजूस आहे? तळावर पोंचल्यावर तंबू ठोकण्यापूर्वीं मुलांना बरोबर घेऊन ती वाट एकदां उजेडीं चालून पाहण्यास फार वेळ लागत नाहीं. एका घटकेचें हें काम आहे, आणि त्यांत मुलांना डोंगराची अशी ओळख होते कीं, जी कोणत्याही देखाव्याच्या चित्रांत सांपडावयाची नाहीं.

मॅडिसनच्या खोऱ्यांत ढिगाऱ्याच्या माथ्यावर डोलोमाइटची एक अजस्र शिळा आहे. ती मूळची समोरच्या, दक्षिणेकडील बाजूची. दरड तिला उचलून नदीपार घेऊन आली. तिच्यावर २८ नांवांची पाटी बसविलेली आहे. शिळेच्या खालीं कोठेंतरी तो तळ आहे, त्यांतील मेजें आहेत, चुली आहेत. आणि वर, दरडीनें घातलेल्या त्या ओबडधोबड जमिनीवर, आतां हळूहळू गवत आणि झाडें येत आहेत. आणखी कांहीं शतकांनीं ती जागा सपाट व सावलीची होईल, आणि संध्याकाळीं थकून आलेल्या एखाद्या कुटुंबाला ती फार आवडेल.