एका पोस्टरची गोष्ट

शिक्षणातल्या सोशल मीडियावर पीएचडी करतेय म्हटलं, की समोरचा म्हणतोच, "त्याने मार्क घसरतात, हे सिद्ध झालंय ना?" या प्रश्नाचा माग काढायचा तर तुम्हाला २००९ सालात यावं लागेल.

फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डच्या मुलांसाठी सुरू झालं आणि २००६ मध्ये सर्वांना खुलं झालं. सुरुवातीचे अभ्यास साहजिकच कॉलेजच्या मुलांवर झाले. संशोधकांच्या समोर बाकांवर तीच तर होती! २००७ मध्ये निकोल एलिसन आणि सहकाऱ्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या २८६ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांना बघायचं होतं ते ओळखीपाळखी टिकतात का, हे. मार्क तिथे मुद्दाच नव्हता.

एप्रिल २००९ मध्ये तो झाला. ॲरिन कारपिन्स्की तेव्हा ओहायो स्टेट विद्यापीठात पीएचडी करत होत्या. २१९ विद्यार्थ्यांच्या पाहणीवर त्यांनी एका परिषदेत पोस्टर लावलं : फेसबुक वापरणाऱ्यांचे ग्रेड कमी दिसतात. एरवी पोस्टरपाशी चहाला निघालेले चार जण थांबले तरी आम्ही धन्य होतो. हे पोस्टर मात्र थेट बातम्यांत गेलं. 'फेसबुकमुळेच ग्रेड घसरतात असं म्हणता येणार नाही', हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मथळ्यात ते कुठलं मावायला!

आता सॅम्पल बघा. त्यात पदवीचे आणि पदव्युत्तर, दोन्ही विद्यार्थी होते. पदवीच्या ८५ टक्के मुलांचं फेसबुक खातं होतं, पदव्युत्तरांपैकी फक्त ५२ टक्क्यांचं. अमेरिकेत पदव्युत्तर वर्गाचे ग्रेड सहसा चढेच असतात. दोन्ही गट एकत्र केले, की फेसबुकने काहीही न करता 'न वापरणारे हुशार' असं चित्र उमटू शकतं. एमएस्सीला आमच्याकडून 'कंट्रोल कुठाय?' घोकून घेतलं होतं, ते यासाठीच.

पुढच्याच महिन्यात जॉश पासेक, एस्तर हार्गिताई आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'फर्स्ट मंडे' या नियतकालिकात तीन वेगवेगळे डेटासेट तपासले. ठोस संबंध सापडला नाही. कारपिन्स्कींचं उत्तरही तिथेच छापलं गेलं. महिन्याभरात पेपर! रिव्ह्यूची वाट बघणाऱ्यांनी हेवा करावा असा वेग. पण मला तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणीही हा पेपर ऐकलेला नसतो.

मग पाहण्यांच्या जोडीला प्रयोग आले. २०११ मध्ये रे जुन्को आणि सहकाऱ्यांनी १२५ विद्यार्थ्यांपैकी एका गटाच्या अभ्यासात ट्विटर आणलं, दुसऱ्याच्या नाही. ट्विटरवाल्यांचे ग्रेड चक्क वर गेले. फक्त, तिथे शिक्षकही ट्विटरवर हजर होते आणि मुलांशी बोलत होते. मग श्रेय ट्विटरचं की शिक्षकांचं? माझं दुसरं प्रकरण सध्या इथेच अडलंय.