शिपाई बुक्कम सिंग : कॅनडाच्या सैन्यातील एक शीख

पहिल्या महायुद्धात कॅनडाने समुद्रापार लढण्यासाठी उभारलेल्या ‘कॅनेडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’मध्ये ६ लाखांहून अधिक माणसे दाखल झाली, त्यांत आज ज्ञात असलेले शीख शिपाई मात्र जेमतेम १० भरतात, आणि याचे कारण त्या देशाच्या कायद्यात सापडते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०७ मध्ये हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला होता, आणि १९०८ च्या ‘अखंड प्रवासा’च्या नियमाने, म्हणजे मायदेशातून वाटेत न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश देण्याच्या अटीने, हिंदुस्थानातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली होती.

पंजाबातील माहिलपूर येथे १८९३ मध्ये जन्मलेला बुक्कम सिंग या नियमाआधी, १९०७ मध्ये, कॅनडात पोहोचला; लहानपणीच विवाह झालेली त्याची पत्नी प्रीतम कौर मात्र पंजाबातच राहिली. पुढे तो ऑन्टारिओ प्रांतात शेतमजुरी करू लागला आणि एप्रिल १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला. ‘कोमागाता मारू’ जहाजावरील बहुतेक हिंदी उतारूंना व्हँकूव्हरहून परत पाठवल्याला तेव्हा वर्षही लोटले नव्हते, ही गोष्ट त्याच्या निर्णयाचे मोल जोखताना दृष्टीआड करता येत नाही.

जानेवारी १९१६ मध्ये तो २० व्या बटालियनमधून बेल्जियमच्या फ्लँडर्स आघाडीवर गेला, तेव्हा ब्रिटिश हिंदी सेनेचे पायदळ तेथून हलवून मेसोपोटेमियाकडे रवाना झालेले होते; म्हणजे स्वदेशीय पलटणींचा आधारही नसताना तो खंदकात उभा होता. जून १९१६ मध्ये यीप्रजवळ फुटलेल्या तोफगोळ्याच्या कपचीने त्याचे डोके जखमी झाले, तेव्हा त्याच्यावर ज्या लष्करी रुग्णालयात उपचार झाले तेथे कवी म्हणून गाजलेले डॉ. जॉन मॅक्रे सेवेत होते. बरा होऊन तो आघाडीवर परतला आणि जुलैमध्ये पायाला गोळी लागून पुन्हा जखमी झाला.

इंग्लंडमध्ये प्रकृती सुधारत असताना त्याला क्षयाने गाठले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. त्यामुळे त्याला कॅनडातील किचनर येथील रुग्णालयात हलवण्यात आले आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, तेथेच त्याचा मृत्यू झाला. त्याचे कर्तृत्व त्यानंतर जवळजवळ ९० वर्षे विस्मृतीत गेले, आणि ते उजेडात आले ते इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या एका विजयपदकामुळे. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव व क्रमांक कोरण्याची पद्धत असल्याने एका शीख इतिहास-अभ्यासकाला त्याची सेवापुस्तिका आणि माउंट होप दफनभूमीतील थडगे शोधता आले. महायुद्धात लढलेल्या शीख कॅनेडियन शिपायाचे कॅनडातील हे एकमेव ज्ञात थडगे असून, तेथे दर नोव्हेंबरमध्ये स्मरणसोहळा होतो.