राज्य नाही, तरी शब्द आहेत

हिंगोलीवर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख. तरीही इथं घरात चावी, बादली, इस्त्री आहे, बांधकामावर घमेलं आहे आणि महिनाअखेरीस पगार! हे सगळे शब्द पोर्तुगीजमधून आलेले.

लॅटिनमधून इबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात घडलेली ही भाषा १४९८ मध्ये जहाजांतून कालिकतला पोचली, १५१० मध्ये गोव्यात स्थिरावली. ब्राझीलमध्ये तर ती बहुसंख्यांची मातृभाषा झाली. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत सत्ता १७४० मध्ये गेली, पण पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली आजही टिकून आहे. हिंगोलीपर्यंत मात्र सुटे शब्दच आले.

म्हणून उसना शब्द सापडला की लगेच राज्य शोधू नका. भाषेला बोलणाऱ्यांची वस्ती लागते. शब्दाला बाजार पुरतो.