दिनविशेष : २२ फेब्रुवारी

१९३४ : फ्रँक काप्रा दिग्दर्शित ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा चित्रपट न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झळकला. बापाच्या बोटीवरून उडी टाकून पळालेली धनाढ्याची लेक (क्लॉडेट कोल्बेर) आणि नोकरी गमावलेला बातमीदार (क्लार्क गेबल) मायामीहून निघालेल्या बसमध्ये एकत्र येतात आणि खटके उडू लागतात. डोनट कॉफीत कसा बुडवायचा, इथपासून तिची शिकवणी सुरू होते! महामंदीने पिचलेल्या प्रेक्षकाला ही श्रीमंत पोर जमिनीवर आलेली पाहून आनंद झाला नसता तरच नवल. मुक्कामाच्या खोलीत दोन खाटांच्या मधोमध दोरी बांधून तो ब्लँकेट टाकतो. त्या आडपडद्याने जी ओढ निर्माण केली, ती पुढच्या कित्येक प्रेमपटांना मिठ्यांनीही साधली नाही.

१९३५च्या सोहळ्यात चित्रपट, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा ही पाचही प्रमुख ऑस्कर त्याने पटकावली. असा मान मिळवणारा हा पहिलाच चित्रपट. आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) याच कथेवर बेतले. ते आवडले असतील, तर मूळ चित्रपट आवर्जून पाहा.