मुद्दल आणि व्याज



जेवण झालं की माझ्या सासूबाई ताटात थोडं पाणी घालून, ताट बोटांनी धुऊन ते पिऊन टाकत. नवी नवरी असताना मला ते कसंसंच वाटायचं. त्यामागचा हिशेब आता कळतोय.

1798 मध्ये इंग्लंडच्या थॉमस माल्थस यांनी लिहिलं, की माणसं गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. तेव्हा जगात साधारण 100 कोटी माणसं होती. 2022 मध्ये आपण 800 कोटी झालो. मग माल्थस चुकले का?

युरोपच्या थकलेल्या जमिनींना आधी आधार मिळाला तो पेरू देशाच्या चिंचा बेटांचा. समुद्रपक्ष्यांची विष्ठा हजारो वर्षं साचून तिथे डोंगर झाले होते. 1840 नंतर जहाजं भरभरून ते खत निघालं. ते खणणाऱ्या चिनी मजुरांचे गुलामांसारखे हाल झाले. तीस-पस्तीस वर्षांत बेटं खरवडून रिकामी झाली.

मग पाळी आली अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्याची. त्यापायी 1879 मध्ये चिलीचं पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटलं. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो कायमचाच. 1898 मध्ये शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी बजावलं, की सोराही संपेल आणि गहू कमी पडेल. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायला शिका. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर यांना ते साधलं, कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये त्याचा कारखाना उभा केला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं पोट या खतावर भरतं.

म्हणजे माणसाच्या बुद्धीचा अंदाज माल्थस यांना आला नाही, हे खरं. पण मी कॉमर्सची. मुद्दल खाऊन त्याला उत्पन्न म्हणायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. हवा फुकट असली तरी हे खत करायला बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू लागतो. तो जमिनीच्या पोटातला. काढला की पुन्हा भरत नाही. एक तिजोरी संपली की आपण दुसरी उघडली, इतकंच.

तोंडं किती, हे माझ्या हातात नाही. ताटात किती वाढायचं, हे आहे. आपल्या धर्मातला अपरिग्रह मला इथे भेटतो.

परवा नातवाने अर्धी पोळी टाकली, तेव्हा त्याला ही गोष्ट सांगितली. "आजी, तिथे चिंचा मिळतात?" एवढंच त्याने विचारलं. पोळी मात्र संपवली. ताट धुऊन पिणं अजून त्याला जमत नाही. खरं सांगायचं तर, रोज मलाही नाही.