४,२९,४९,६७,२९७ : फर्माचे अनुमान खोटे ठरवणारी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही विषम संयुक्त संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येते. द्विमान पद्धतीत ती लिहिल्यास दोन्ही टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये असतात.

फ्रेंच गणितज्ञ प्येर द फर्मा याने १६४० मध्ये असे मत मांडले की, २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवत नेला आणि प्रत्येक घातात १ मिळवला, तर नेहमी मूळ संख्याच मिळते. पहिल्या पाच संख्या, म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७, खरोखरच मूळ आहेत. प्रस्तुत संख्या या मालिकेतील सहावी. गोल्डबाख याने १७२९ मध्ये पत्राने या प्रश्नाकडे लेओनार्ड ऑयलरचे लक्ष वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने तिचे अवयव दाखवले : ६४१ × ६७,००,४१७. दोन्ही अवयव मूळ आहेत.

या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने अधिक असावा लागतो. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला निकाल लागतो. हे बंधन ज्या प्रमेयातून निघते, ते खुद्द फर्मानेच १६४० मध्ये कळवले होते. त्याने ते इथे लावून पाहिले नाही, याचे नवल वाटते.

प्रत्यक्ष भागाकार न करताही पडताळा घेता येतो. ६४१ म्हणजे ६२५ + १६. २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. येथे १६ ऐवजी ६४१ − ६२५ लिहिल्यास पहिले पद ६४१ च्या पटीत जाते आणि वजा होणारे दुसरे पद नेमका ६४० चा चौथा घात ठरते. ६४० हा ६४१ पेक्षा १ ने कमी असल्याने त्याच्या चौथ्या घाताला ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. ती वजा होते, मूळचा १ मिळवला जातो आणि बाकी शून्य येते.

संयुक्त असूनही २ हा पाया घेऊन केलेल्या फर्माच्या मूळत्व-कसोटीत ही संख्या उत्तीर्ण होते. म्हणून तिला आभासी मूळ संख्या म्हणतात. मालिकेतील पुढील २७ संख्याही संयुक्त ठरल्या असून, सहावी मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.

कार्ल फ्रीडरिख गाउस याने १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने काढता येतो, हे सिद्ध केले आणि फर्मा संख्यांना भूमितीत स्थान मिळाले. ज्ञात पाच मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो, म्हणजे प्रस्तुत संख्येपेक्षा नेमका २ ने कमी. अशा रीतीने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठ्याच्या बाजू तेवढ्याच आहेत.