गिरणगाव ते गिरगाव : खाण्याच्या शोधात एक दिवस



बचत गटांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा. पहिल्या टेबलावर पापड, दुसऱ्यावर पापड-लोणचं, तिसऱ्यावर पापड, लोणचं आणि कुरडया. गिऱ्हाईक एक आणि विकणाऱ्या दहा. संध्याकाळी उरलेले पुडे पिशवीत भरून आपण परत येतो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "काहीतरी नवीन केलं पाहिजे." सगळ्या माना डोलावतात. पण नवीन म्हणजे काय, आणि ते सुचतं कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही रायगडमधल्या दोन गटांतल्या अकरा जणी एक दिवस मुंबईला गेलो. पनवेलहून लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून करी रोड, आणि तिथून पायी लालबाग. घरातून निघताना "भटकायला चालल्या" हे ऐकावं लागलंच. पण ही सहल नव्हती. ज्या भागात गरीब बायकांनी स्वयंपाकाच्या जोरावर घरं चालवली, तो भाग डोळ्यांनी बघायचा होता. तिथला इतिहास आज तुम्हाला सांगतो, कारण तो थेट आपल्या धंद्याशी जोडलेला आहे.

लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी या सगळ्या भागाला गिरणगाव म्हणत. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. कामगार आले कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून. बहुतेक पुरुष एकटेच यायचे. बायको-मुलं आणि शेती गावी. एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागेवर अंग टाकायचे. अशा माणसांनी जेवायचं कुठे?

ही गरज भागवली बायकांनी. दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्हवर नाहीतर शेगडीवर, एकेक बाई दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करायची. कुणी येऊन जेवायचा, कुणाचा डबा गिरणीत जायचा. पैसे महिन्याच्या पगारावर. याला म्हणायचे खानावळ, आणि त्या बाईला खानावळवाली. पहाटे उठून पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, कालवण करायचं, डबे भरायचे. भांडी घासून होईपर्यंत दुसऱ्या पाळीचे जेवायला हजर. इतकं करून कुणी विचारलं तर उत्तर काय? "बाई काय करते? काही नाही, घरीच असते." तिच्या कामाला धंदा म्हणून नावच नव्हतं. हे आपल्यालाही ओळखीचं आहे, नाही का?

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खानावळवालीने कुठलाही नवा पदार्थ शोधला नव्हता. भाकरी तीच, आमटी तीच, सुकटीचं कालवण तेच. नवीन होतं ते एवढंच, की गावाकडची चव तिने गावापासून तुटलेल्या माणसाला दिली, त्याच्या पाळीच्या वेळेला दिली आणि पगार होईपर्यंत थांबायची तयारी ठेवली.

त्या थांबण्यातच मोठा धोका होता. १९७३-७४ मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला. तो ४२ दिवस चालला. पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसेही बंद. पण पोराप्रमाणे जेवू घातलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? बायकांनी उधारीवर जेवण चालू ठेवलं. त्यासाठी स्वतः वाण्याकडे उधारी केली, सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेतले. संपातल्या माणसांची पोटं भरली ती या बायकांच्या कर्जावर.

हे पाहिलं प्रेमाताई पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या. कोवळ्या वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही १९७२ मध्ये आली होती. पण खानावळवाल्या बाईला बँकेची पायरी कोण दाखवणार? प्रेमाताईंनी चौदा जणींचा गट करून सुरुवात केली, त्यांना बँकेपर्यंत नेलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गट करायचा, कर्ज घ्यायचं, वेळेवर फेडायचं आणि पुन्हा घ्यायचं. आज आपण जे करतो, ते या बायकांनी आपल्या आधी करून दाखवलं. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. यावेळी मात्र कामगार पुन्हा पूर्वीसारखे कामावर परतलेच नाहीत. गिरण्या हळूहळू बंद पडल्या, माणसं गावी गेली आणि शेकडो घरांतल्या खानावळींच्या चुली थंडावल्या. आज तिथे काचेच्या उंच इमारती आहेत. आम्ही मान वर करून बघत होतो, तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "सगळी गिऱ्हाइकं एकाच भोंग्यावर अवलंबून होती ना!" अगदी खरं. ज्या बायका मंडळाच्या आधाराने बाहेरच्या ऑर्डरी, केटरिंग, ऑफिसांचे डबे अशा कामांकडे वळल्या, त्यांना दुसरा रस्ता मिळाला.

गिरण्या गेल्या, पण लालबागची मसाला गल्ली अजून गजबजलेली आहे. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, गुंटूर, लवंगी अशा मिरच्यांचे ढीग. शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर, तिरफळ. घराघरातल्या बायका आपापलं प्रमाण घेऊन येतात. कुणाचा मालवणी मसाला, कुणाचा आगरी-कोळी, कुणाचा घाटी. तिथे मिरची घ्यायची, तिथेच भाजायची आणि डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायची.

आम्ही तासभर नुसत्या उभ्या राहून बघत होतो. तिथेही तीच गोष्ट दिसली. तयार मसाल्याची पाकिटं तर सगळीकडेच मिळतात. मग बायका लांबून इथे का येतात? कारण इथे त्यांना त्यांच्या आईच्या हातची चव मिळते, तीही घरात ठसका न उठवता. दुकानदार विकतो मिरची, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वाचलेल्या कष्टाचे.

दुपारी बसने गिरगावात आलो. इथला इतिहास तुमच्यापैकी अनेकींनी ऐकला असेल, पण त्यातले बारकावे सहसा सांगितले जात नाहीत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडाचे चार पुडे झाले. ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला दिले. तोच आज देशभर माहीत असलेला लिज्जत पापड. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

पापड काही नवा नव्हता. तो घरोघरी लाटला जात होता. पण या बायकांपुढे ज्या अडचणी आल्या त्या ऐका, म्हणजे कल्पना कुठून येते ते कळेल.

पहिली अडचण पावसाची. पापड वाळणार कुठे? पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. झाली वाळवणाची सोय. ना मशीन, ना मोठा खर्च.

दुसरी अडचण जागेची. तीनच महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या आणि पुढे वाढतच गेल्या. एवढ्या बायका एका गच्चीवर बसणार कशा? मग पीठ एका ठिकाणी मळायचं आणि लाटायला घरी न्यायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे, वजन करायचं, लाटण्याचे पैसे घ्यायचे, नवीन पीठ न्यायचं. लहान मूल असलेल्या बाईलाही घरी बसून काम करता आलं, आणि पीठ एकाच ठिकाणी मळल्यामुळे चव सगळीकडे सारखी राहिली.

तिसरी गोष्ट दर्जाची. सुरुवातीला त्यांनी दोन प्रकारचे पापड करायचं ठरवलं होतं, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितलं, हलका माल काढूच नका, एकच करा आणि उत्तम करा. त्यांनी ते ऐकलं. तुटलेले पापड विकायचे नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचे. आणि हिशेब पहिल्यापासून चोख. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती.

मैत्रिणींनो, खानावळवाली, मसाला गल्ली आणि लिज्जत या तिन्हींकडे एकत्र बघा. एकाही ठिकाणी जगावेगळा पदार्थ नाही. कुणाची तरी अडलेली गरज नीट बघितली आणि आपल्या हातात असलेलं काम त्या गरजेपाशी नेलं. नवीन कल्पना म्हणतात ती हीच.

परतीच्या गाडीत आमच्यात चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, आपणही मसाला करू. दुसरी म्हणाली, पुन्हा तेच, लालबागशी आपण काय स्पर्धा करणार? मग विचार उलटा केला. आपल्याकडे काय आहे, जे करायला शहरातल्या बाईला वेळ नाही? उत्तर आमच्या शेतातच होतं. कडवे वाल. वालाचं बिरडं सगळ्यांना आवडतं, पण वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोला, हे नोकरीवालीला कुठे जमणार? गिरगावच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्यांचे वाटे हातोहात जाताना आम्ही दुपारीच पाहिलं होतं. आणि पनवेल, कामोठे, खारघरच्या वसाहती तर आमच्या जवळच आहेत.

डाळिंब्या टिकत नाहीत, ही अडचण आहेच. म्हणून आधी ऑर्डर घ्यायची, त्याच मापाने वाल भिजत घालायचे आणि आठवड्यातला एकच दिवस पोचवायचे, असं ठरवलं. श्रावण आणि गौरी-गणपतीत मागणी जास्त, एरवी कमी, हेही धरून चालतो. गिऱ्हाईक एकाच सोसायटीतलं ठेवायचं नाही, हे गिरणगावाने शिकवलं. पापड बंद केलेले नाहीत, पण कमी केलेत. सध्या चार जणी हे काम करतात आणि दोघी पोचवायला जातात. हप्त्यापुरते पैसे त्यातून सुटायला लागले आहेत. अजून मोठं काही झालेलं नाही, पण पुडे परत आणावे लागत नाहीत.

तुम्हालाही असा एक दिवस काढायचा असेल तर मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. तालुक्याचा बाजार, जिल्ह्याचं एसटी स्टँड, एमआयडीसीचं गेट, जत्रा, कॉलेजचा परिसर, कुठेही जा. मात्र सगळ्याजणी एकाच दुकानापुढे उभ्या राहू नका. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एका जोडीने सकाळी लोक काय खातात ते बघायचं, दुसरीने दुपारी डबा न आणलेली माणसं कुठे जातात ते. एकीने भाव लिहायचे, एकीने पाकिटं आणि त्यावरची वजनं. थोडं थोडं विकत घेऊन वाटून खा. पैसे गटाच्या खर्चात मांडा आणि पावती ठेवा, कारण हे गटाचंच काम आहे.

जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत उतरवा. प्रमाणसुद्धा लिहा. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घराघरात पोचलं. त्यात मापं वाटी-चमच्याची होती, म्हणून नवख्या मुलीलाही ते पदार्थ जमले. आपल्या गटात चार हात काम करतात. प्रमाण वहीत असेल तर चौघींच्या हातची चव एक येईल, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.

आणि घरातून कुणी विचारलं "कुठे चाललीस?" तर सांगा, कामाला. वही दाखवा. पुढच्या बैठकीत गटाच्या ठरावात तारीख लिहून टाका, म्हणजे दिवस पुढे ढकलला जाणार नाही. पेरण्या उरकल्या की दोन-चार दिवस सवड असते, तो काळ बघा. जाऊन आलात की काय पाहिलंत ते या केंद्राला जरूर कळवा. इतर गटांनाही ते ऐकता येईल.